टेपचं दुसरं टोक

पूर्वज्ञान

चारुलताबाईंना राग आला होता. तसा तो रोजच यायचा, पण आज प्रार्थनेच्या आधीच आला. शेठ रूपचंद माध्यमिक विद्यालयाच्या मैदानावर पुन्हा मिरच्या पसरल्या होत्या.

शाळेचे अध्यक्ष गौतमचंदशेठ मिरचीचे व्यापारी. त्यांची पथारी, म्हणजे मिरची वाळवायची मोकळी जागा, शाळेला अगदी लागून. हंगाम चढला की मिरच्या पथारीत मावेनाशा होत आणि हद्दीचा दगड ओलांडून सरळ शाळेत दाखल होत. प्रवेश अर्ज नाही, दाखला नाही, काही नाही. मग मुलींचा खो-खो संघ डांबरी रस्त्यावर सराव करायचा. ट्रॅक्टर आला की कडेला, गेला की पुन्हा रस्त्यात. तालुक्याच्या स्पर्धा तोंडावर आलेल्या, आणि बाईंचा संघ गुडघे सोलून घेत होता.

"बाई, थोड्या दिवसांचा तर सवाल आहे," शेठ दरवर्षी म्हणत. "मिरची सुकली की मैदान तुमचंच."

मिरची सुकेपर्यंत स्पर्धा होऊन जायच्या.

प्रस्तावना

अशातच पुण्याहून हेमकांत आला. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर पिशवी, चेहऱ्यावर हसू. शाळेचा अभ्यासक्रम 'अद्ययावत' करायला शेठच्या मुलाने, जिनेशने, त्याला बोलावलं होतं. हेमकांतने दोन दिवस सगळ्या शिक्षकांना जमिनीवर गोल करून बसवलं. गोलात बसून बाईंची कंबर धरली. तो राग वेगळाच.

"मॅडम, शिक्षण चार भिंतींच्या बाहेर आलं पाहिजे," हेमकांत म्हणाला.

"आणते की. पण बाहेर मिरच्या आहेत."

"वा!" त्याने पिवळ्या चिठ्ठीवर 'स्थानिक संदर्भ: मिरची' असं लिहिलं आणि चिठ्ठी भिंतीला चिकटवली.

"अहो, संदर्भ कसला? तक्रार आहे ती!"

त्याने दुसरी चिठ्ठी चिकटवली: 'शिक्षकांचा सक्रिय सहभाग'.

बाईंनी आजवर तीन नवे अभ्यासक्रम पाहिले होते. प्रत्येक वेळी कपाटं बदलली, फळे बदलले, टाचणाचा नमुना बदलला. मैदान तेवढं कुणी बदललं नाही. म्हणजे, ते आपोआप लहान होत गेलं. हा चौथा अभ्यासक्रम कसा असणार हे त्यांना ठाऊक होतं. फक्त एक गोष्ट ठाऊक नव्हती. हेमकांतने शाळेच्या फाटकावर एक पाटी लावली:

गावाची समस्या हाच आमचा धडा. समस्या घेऊन या!

कृती

गावाने पाटी वाचली, आणि गाव पाटीवर लिहिलेलं खरं मानतं.

पहिल्या तासाला कौसाबाई म्हैस घेऊन आली.

"बाई, मन्ही म्हैस दूध चोरी ऱ्हायनी. तुमनी पाटीवर लिखेल शे ना, समस्या आना म्हनीसन? ही समस्या. बांधू कोठे?"

"कौसाबाई, ही शाळा शे, दवाखाना नही!" बाई चिडल्या की त्यांची प्रमाण मराठी गळून पडायची आणि खालची अहिराणी दिसायची.

"मंग पाटी काढी टाका."

हेमकांत धावत आला. "नको, नको! सातवीला सजीवांचं पोषण आहे ना? घ्या आत."

म्हैस सातवीत गेली. तिने तासाभरात भिंतीवरचा पोषणाचा तक्ता खाल्ला. तिसऱ्या तासाला बंद पडलेली पाण्याची मोटर आली. मधल्या सुट्टीत सासू-सुनेचं भांडण आलं. ते कुठल्याच विषयात बसेना म्हणून नागरिकशास्त्रात बसवलं. मुख्याध्यापक भूपेंद्रसर दार लावून आत बसले आणि 'मी नाही' असं दारामागून सांगू लागले.

मग आले नथ्थूआप्पा आणि हिलालभाऊ. सख्खे भाऊ, शेजारी-शेजारी शेत, मध्ये एक बांध. त्या बांधापायी दोघांनी एकमेकांच्या घरचा कानबाईच्या सणाचा रोट खाणं सोडलं होतं. भाऊबंदांनी एकत्र बसून खायचा तो रोट! इतकं वाईट होतं.

"यानी मन्हा बांध कोरी खाधा, बाई!" हिलालभाऊ ओरडले.

"कोनी कोरा? तूच दरसाल नांगर इकडे घुसाडस!"

"क्षेत्रमापन!" हेमकांतने टाळी वाजवली. "आठवी, गणित. मॅडम, तुमचा वर्ग."

बाईंना इतका संताप आला की त्या खरोखरच वर्ग घेऊन शेतावर गेल्या. मोठी टेप आणली, जुने दगड शोधले, दोरी ताणली. आठवीची काजल, खो-खो संघाची कर्णधार, टेप धरून ढेकळांतून हरणासारखी पळत होती. दोन्ही भाऊ मागून 'नीट धर, नीट धर' करत होते. शेवटी काजलने कपाळावरचा घाम पुसला आणि निकाल दिला.

"आप्पा, बांध जागावरच शे. तुम्हीच दोन्ही सरकी जायेल शेतस."

नथ्थूआप्पा हसले. मग हिलालभाऊंनाही हसावं लागलं. बाईंना त्या दिवशी पहिल्यांदा राग आठवून आठवून आणावा लागला.

परतताना काजलने टेप गुंडाळता गुंडाळता विचारलं, "बाई, टेप हातमा शेच. आते आपलं मैदान मोजी लेवूत का?"

बाई थांबल्या. मागून येणारा हेमकांतही थांबला. त्याने लगेच पिवळी चिठ्ठी काढली.

फेरबदल

ती चिठ्ठी हेमकांतने भाबडेपणाने अध्यक्षांनाच वाचून दाखवली. 'पुढचा प्रकल्प: शाळेची हद्द शोधू या!'

दुसऱ्या दिवशी फाटकावरची पाटी गेली. तिसऱ्या दिवशी हेमकांत गेला.

"बाई, मी फार विचार केला," गौतमचंदशेठ शिक्षकांच्या सभेत म्हणाले. "हे नवंबिवं आपल्याला नको. वर्गात म्हशी येतात, हे शोभतं का? जुनं ते सोनं. उद्यापासून पुस्तकात आहे तेच शिकवायचं. एक ओळ इकडे नाही, एक ओळ तिकडे नाही."

बाई उभ्या राहिल्या. नवं आलं तेव्हा झाली नसेल इतकी त्यांची चिडचिड ते गेलं म्हणून झाली.

"शेठजी, आमले मिरची समजतस का तुम्ही? आज उनमा टाका, मन व्हयनं की गोणीमा भरा!"

"बाई, शांत व्हा. शुक्रवारी पत्रकार येतोय. 'मुळाकडे परत' अशी बातमी द्यायची आहे. तुमच्याच वर्गात फोटो घेऊ."

घरी जाऊन बाईंनी रागारागाने आठवीचं पुस्तक उघडलं. पुस्तकातलंच शिकवायचं तर पुस्तकातलंच. क्षेत्रफळाचं प्रकरण, शेवटचा स्वाध्याय: 'आपल्या शाळेच्या मैदानाची लांबी व रुंदी प्रत्यक्ष मोजा आणि क्षेत्रफळ काढा.'

हा स्वाध्याय त्यांनी दरवर्षी घेतला होता. फळ्यावर. 'मैदान शंभर मीटर लांब आहे असं समजा.' पोरं समजायची. बाहेर मिरच्या असायच्या, आत सगळे समजायचे.

बाईंनी पुस्तक मिटलं आणि टेप पिशवीत ठेवली.

मूल्यमापन

शुक्रवारी शेठ इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत आले. पत्रकार कॅमेरा घेऊन आला. बाईंनी आठवीला मैदानात उभं केलं आणि स्वाध्याय खड्या आवाजात वाचला. एक ओळ इकडे नाही, एक ओळ तिकडे नाही.

शेठचा चेहरा उतरला. "बाई, हे... आत फळ्यावर नाही का होणार?"

"प्रत्यक्ष मोजा, असं छापलंय शेठजी. तुमचाच आदेश." त्यांनी टेपचं एक टोक काजलच्या हातात दिलं आणि दुसरं पुढे केलं. "हे टोक अध्यक्षांनी धरलं तर फोटो काय सुंदर येईल!"

"धरा शेठजी, धरा!" पत्रकार म्हणाला.

कॅमेऱ्यासमोर शेठला नाही म्हणता येत नसे. त्यांनी टोक धरलं. काजल फाटकाशी उभी राहिली.

"मागे सरका, शेठजी."

शेठ सरकले. मिरच्या सुरू झाल्या.

"अजून मागे."

"बाई, मैदान इथपर्यंतच समजा ना..."

"समजा बंद झालं, शेठजी. हद्दीच्या दगडापर्यंत."

शेठ उलट्या पावलांनी आपल्याच मिरच्यांत शिरले. आधी चपला बुडाल्या, मग घोटे. तिखट खकाणा उठला. सगळी आठवी शिंकू लागली, पत्रकारही शिंकू लागला, तरी त्याने कॅमेरा सोडला नाही. अखेर शेठची टाच कशाला तरी आपटली आणि ते ओरडले.

"तोच दगड!" बाई म्हणाल्या. "काजल, आकडा वाच."

गृहपाठ

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो झळकला. मिरच्यांत उभे गौतमचंदशेठ, हातात टेप, डोळ्यांत पाणी. खाली लिहिलं होतं: 'खेळाडू मुलींसाठी अध्यक्षांनी स्वतः मैदान मोजून मोकळं केलं. भावुक क्षण.'

आता काय करणार? नातेवाइकांचे अभिनंदनाचे फोन येऊ लागल्यावर शेठने मजूर पाठवले, आणि दुपारपर्यंत सगळ्या मिरच्या दगडापलीकडे गेल्या.

बाईंनी बातमी तीनदा वाचली. त्यांचं नाव नव्हतं. काजलचं नव्हतं. पुस्तकाचंसुद्धा नव्हतं. तेवढ्यात हेमकांतचा निरोप आला: 'मॅडम, आपल्या मॉडेलचं यश! अहवालात घेतोय.' पुढे दोन अंगठे.

"आपल्या?" बाई किंचाळल्या. "आपल्या!" पेपर घेऊन त्या तरातरा मैदानात निघाल्या. कुणाला तरी हे सांगायलाच हवं होतं, नाहीतर त्या फुटल्या असत्या. मुलींनी फक्कीने मैदान आखलं होतं, खांब रोवले होते. आठ जणी रांगेत बसल्या होत्या, एकीआड एक तोंड फिरवून.

"काजल, हे वाच! माणसाला लाज म्हणून..."

"बाई, सरका ना," काजल जागेवरूनच म्हणाली. "रेघ पुसाई ऱ्हायनी."

बाईंनी खाली पाहिलं. मैदानाच्या रेघेवर त्यांचीच चप्पल होती.

त्या सरकल्या. आणखी सरकल्या. पार दगडापलीकडे, मिरच्यांच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या, आणि एक जोरदार शिंक देऊन त्यांनी शिट्टी फुंकली.