मांडवात वाजलं का?

आमच्या शेजारच्या हिराजी तात्यांना न बोलावता हळदीला जायची सवय आहे. जेवणासाठी नव्हे. तिथल्या जेवणाला ते बोटही लावत नाहीत. घरून भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून नेतात आणि मांडवाबाहेर स्कूटरवर बसून खातात. ते जातात गाणी ऐकायला. डीजेच्या उजव्या हाताला एखादा खांब गाठायचा, हाताची घडी घालायची, डोळे मिटायचे आणि शेवटचं गाणं होईपर्यंत हलायचं नाही. नवरीकडच्यांना वाटतं, हे नवऱ्याकडचे कोणी मोठे मामा. नवऱ्याकडच्यांना वाटतं, नवरीचे. एकदा खोपोलीला तर त्यांना डीजेवाल्याचे वडील समजून मानाची टॉवेल-टोपी दिली होती. तात्यांनी ती त्याच डीजेवाल्याला देऊन टाकली आणि वर त्याच्या तिसऱ्या गाण्याची चूक दाखवली.

हे सगळं कशासाठी, तर यादीसाठी. दर वर्षी एकतीस डिसेंबरला संध्याकाळी कळंबच्या नाक्यावर, चहाच्या टपरीसमोर, तात्या त्या वर्षीची दहा गाणी जाहीर करतात. यादी लिहायची मी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, एवढीच माझी पात्रता. "बाईंचं अक्षर सरकारी," तात्या म्हणतात, "त्याच्यावर कुनी शक घेत नाय."

तात्या साजगावच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं भोंगा वाजवायला होते. त्यांच्या मते आसपासची चार गावं त्यांच्या बोटावर उठत आणि झोपत. त्यामुळे कानाच्या बाबतीत त्यांचा स्वतःशिवाय कोणावरही विश्वास नाही. माझी मुलगी पल्लवी नवी मुंबईत नोकरी करते. ती एकदा मोबाईल घेऊन त्यांच्या ओट्यावर गेली.

"तात्या, हे घ्या तुमच्या यादीत. कोट्यवधी लोकांनी बघितलंय."

"बघितलं? गानं काय बघत्यात गं? मांडवात वाजलं का?"

"मांडवात नाही, पण..."

"मंग मी धरत नाय."

'मांडवात वाजलं का?' हा त्यांचा सगळ्यावरचा उतारा. आमचे हे एकदा म्हणाले की नाक्यापर्यंतचा रस्ता मंजूर झाला. तात्या म्हणाले, "मांडवात वाजला का?" म्हणजे खडी पडली का. खडी अजून पडलेली नाही, तेव्हा तात्याच बरोबर म्हणायचे.

आणि नुसतं मांडवात वाजून भागत नाही. लोक नाचले म्हणून गाणं चांगलं, असं ते मानत नाहीत. "पोरं काय, जनरेटरच्या आवाजावर पन नाचत्यात." त्यांचं लक्ष असतं आचाऱ्याकडे. आचारी पहाटेपासून भट्टीपुढे उभा, घामाने निथळत, दोनशे माणसांच्या भाताची चिंता डोक्यात. त्याला गाण्याशी काही देणंघेणं नसतं. अशा माणसाची मान हलली, तर ते गाणं खरं. झारा थांबला तर पहिल्या पाचात.

आता गेल्या वर्षाचंच घ्या. जानेवारीत जावयाच्या गॉगलचं गाणं आलं. सासरा जावयाला म्हणतो गॉगल काढ, जावई म्हणतो ऊन लागतं, यापलीकडे त्यात काही नाही. पण असं चाललं की विचारू नका. टेंपोत तेच, दळणाच्या गिरणीत तेच, आणि माझ्या चौथीच्या वर्गात बेरजा करताना पोरांचे पाय बाकाखाली त्याच ठेक्यावर. तात्यांनी अकरा हळदींना ते ऐकलं आणि म्हणाले, "जोर हाय. पन टिकनार नाय."

मार्चमध्ये माझ्या कॉलेजच्या दिवसांतलं एक गाणं नवा ढणढणाट लावून परत आलं. पोरांना वाटलं ते आत्ताच जन्मलंय. मी कौतुकाने सांगायला गेले की हे आमच्या वेळचं, तर सगळ्या वर्गाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी गप्प बसले. तात्यांनी त्याला यादीत घेतलं, पण एक पायरी खाली उतरवून. एकदा जेवून गेलेल्याने दुसऱ्यांदा पंगतीला बसायचं तर मागच्या रांगेत बसावं, असं त्यांचं म्हणणं.

मे महिन्यात इथल्या रिसॉर्टवाल्यांकडे शनिवार-रविवार इंग्रजी गाणी सुरू झाली. तात्या दोन शनिवार फाटकाशी उभे राहून आले. वॉचमनने खुर्ची दिली, तीही त्यांनी घेतली नाही. निकाल एका वाक्यात लागला, "त्यो मांडव नाय, तंबू हाय."

पावसाळ्यात लग्नं नसतात. तेव्हा तात्या चिडचिडे होतात आणि गणपतीची वाट बघतात. त्याच सुमारास गॉगलचं गाणं वारलं. कसं, तर ग्रामपंचायतीच्या घंटागाडीने ते लावलं. ओला कचरा, सुका कचरा आणि मध्ये जावयाचा गॉगल. पहिल्या दिवशी मी बादली घेऊन फाटकाशी आले तर तात्या रस्त्यात टोपी काढून उभे. "गेलं बिचारं," म्हणाले. घंटागाडीवर पोचलेलं गाणं मांडवात परत येत नाही, हा त्यांचा अनुभव आहे, आणि खरंच ते परत आलं नाही.

पण खरा गोंधळ झाला दिवाळीत. एका कधीच्या गेलेल्या गायकाच्या आवाजात कोणीतरी मशीनकडून हळदीचं गाणं म्हणवून घेतलं. सगळा तालुका वेडा झाला. तुळशीचं लग्न लागल्यावर पहिल्याच हळदीला ते सहा वेळा वाजलं आणि आचाऱ्याने झारा ठेवून मिशीला पीळ दिला. नाक्यावर सगळ्यांनी धरलं की एक नंबर हेच. तात्यांनी मोबाईल कानाला लावून ते तीनदा ऐकलं. मग माझ्याकडे आले.

"बाई, नाव कापा."

"अहो तात्या, मांडवात वाजलंय. तुम्हीच होता ना तिथे?"

"व्हतो. पन ह्यो श्वास कुठं घेतो? एवढं लांब गातो न् श्वासच घेत नाय. श्वास घेत नाय त्याला मी गानं म्हनत नाय."

नाक्यावर मोठी भांडणं झाली. टपरीवाला म्हणाला, ते गाणं नसेल तर यादी माझ्या दारात वाचायची नाही. तात्या म्हणाले, मग रस्त्याच्या पलीकडे वाचीन. दुसऱ्या दिवसापासून घरून थर्मास आणून ते टपरीसमोरच, रस्त्याच्या पलीकडे, उभ्याने चहा पिऊ लागले. आठ दिवसांनी टपरीवाल्यानेच हात टेकले.

मला तेव्हा हा नुसता हट्ट वाटला. श्वासाचं एवढं काय, हे कळायला पल्लवीचं लग्न ठरावं लागलं.

इथे मला चांगुणाकाकींबद्दल सांगायला हवं. चांगुणाकाकी म्हणजे तात्यांची बायको. गाण्यांच्या एवढ्या नादिष्ट माणसाच्या घरात ही बाई गाण्याचं नाव काढत नाही. तात्यांनी घरात काही लावलं की ती उठून परसात जाते आणि भाजीला पाणी घालते, पाऊस पडत असला तरी. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा ती धवलारीण होती. धवले म्हणजे आमच्याकडची लग्नातली गाणी. ते म्हणणारी बाई ती धवलारीण. ती म्हणेल तेव्हा हळद दळायची, ती म्हणेल तेव्हा लावायची. माझ्या धाकट्या नणंदेच्या हळदीला काकींनी म्हटलेला धवला मला अजून आठवतो. त्यात घरातल्या गेलेल्या बायकांना नावं घेऊन बोलावतात, की या, पोरीला हळद लावा. मग एका वर्षी काकींनी गाणं सोडलं. वय झालं असेल, असं म्हणून आम्ही सगळे विसरलो. लोकांनाही डीजे सोपा पडत होता.

पल्लवीच्या लग्नाआधी दहा दिवस तात्या दुपारी आमच्याकडे आले. एरवी ते परसातून हाक मारतात. त्या दिवशी पुढच्या दाराने आले, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

"बाई, पल्लवीच्या हळदीला चांगुणाला बोलवा. धवला म्हनायला."

"काकी म्हणतील?"

"म्हनल का नाय ते मला ठाऊक नाय. पन तुमी बोलवा."

मी म्हटलं, बोलावते, पण त्यांनी गाणं का सोडलं ते तरी सांगा. मग तात्यांनी सांगितलं.

पळसदरीला त्यांच्या पुतण्याची हळद होती. मुहूर्त जवळ आलेला. काकी धवला म्हणत होत्या. डीजेवाल्याने तात्यांना लांबून खूण केली, लावू का? तेवढ्यात काकी थांबल्या. तात्यांना वाटलं झालं. त्यांनी हात वर केला. डीजे असा सुटला की भांडी हलली. काकी थांबल्या होत्या त्या श्वास घ्यायला. पुढचं कडवं ओठावर होतं.

"समद्यांना वाटलं पोरांनी लावला," तात्या म्हणाले. "पन हात माझा व्हता बाई. अठ्ठावीस वर्षं भोंग्याची येळ चुकली नाय न् बायकोचा श्वास मला कळला नाय. तिनं बघितला माझा हात. उठली न् गुमान घरी आली. त्यानंतर तोंडातनं एक शब्द नाय. मी त्या वर्षापासनं यादी करतो. म्हटलं बघू तरी, तिच्या गान्यापरीस मोठं असं कोनतं गानं हाय. दर वर्षी बघतो. गेल्या वर्षीचं एक नंबर या वर्षी कुनाला आठवत नाय."

एवढी वर्षं मी सरकारी अक्षरात काय लिहीत होते, ते मला त्या दुपारी समजलं.

घरात पल्लवीची समजूत घालावी लागली. तिला पूर्ण संध्याकाळ डीजे हवा होता. शेवटी म्हणाली, "बरं तात्या, पाच मिनिटं."

"पाच नाय," तात्या म्हणाले. "संपेपरयंत."

मी तांदूळ-सुपारी घेऊन काकींकडे गेले. काकी वाल सोलत होत्या. माझं बोलणं ऐकलं, सुपारीकडे बघितलंही नाही. "गळा गेला गं माझा. पोरं हसतील." मी बसून राहिले. त्यांनी अर्धी पाटी वाल सोलले. मग मान वर न करता विचारलं, "तुझ्या सासूचं नाव सांग. न् आईचं पन."

हळद दुपारी चारला होती. पळसदरीचाच एक संतोष म्हणून डीजेवाला, छातीएवढे खोके लावून तयार. तात्या न बोलावता नेहमी येतात, या वेळी बोलावल्यावर आले होते, तरी त्यांच्या खांबाशी गेले नाहीत. सरळ संतोषच्या टेबलाकडे गेले, बोर्डातली पिन उपसली आणि वायर हाताला गुंडाळून उभे राहिले. संतोष म्हणाला, "तात्या, बटन बंद हाय ना." तात्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

काकी बायकांमध्ये बसल्या आणि सुरू झाल्या. खोटं कशाला सांगू, गळा खरंच गेला होता. पहिल्या ओळीला आवाज फाटला. मागे दोन मुली फिसकन हसल्या. काकी थांबल्या नाहीत. दुसऱ्या कडव्याला आवाज जागेवर आला, खालचा, खरखरीत, पण पक्का. माझ्या सासूबाईंचं नाव आलं. या, पोरीला हळद लावा. मग माझ्या आईचं नाव आलं. माझी आई पल्लवी पोटात असताना गेली. ते नाव आमच्या अंगणात कोणी मोठ्याने घेतल्याला पंचवीसहून अधिक वर्षं झाली होती. मी पदर तोंडात धरून रडले, आणि पल्लवी हळदीच्या हातांनी माझे डोळे पुसायला लागली. भट्टीकडचा आवाज केव्हा थांबला ते मला कळलं नाही.

मध्येच काकी थांबल्या. छाती वरखाली होत होती. संतोषने खुर्चीतून उठून बोर्डाकडे हात नेला. तात्यांनी वायरीची मूठ पाठीमागे नेली. काकींनी श्वास भरून घेतला आणि पुढचं कडवं उचललं.

असं तीनदा झालं. मग आवाज खाली खाली येत थांबला. कोणी हललं नाही. काकींनी पदराने तोंड पुसलं, लोटीतलं पाणी प्यायलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. संतोष हळूच म्हणाला, "तात्या, आता द्या. झालं."

तात्यांनी दिली नाही. ते वायर हातात घेऊन बायकांच्या घोळक्यापर्यंत गेले. बायकांनी वाट दिली. सगळ्या मांडवादेखत ते काकींसमोर वाकले आणि विचारलं, "चांगुणा, झालं का गं?"

काकींनी त्यांच्याकडे बघितलं.

"नाय," त्या म्हणाल्या. "अजून दोन कडवी हायत. उभं काय ऱ्हायलाव, बसा."

तात्या तिथेच बायकांमध्ये मांडी घालून बसले, वायर मांडीवर ठेवून, आणि काकी पुढचं कडवं म्हणायला लागल्या.