राक्षसगणाचा फायटर

आमचे शेजारी दामूगुरुजी माशांच्या पत्रिका मांडत. हसू नका. मीही हसले होते, आणि त्यापायी माझी मुरंब्याची बरणी गेली.

पंचवटीतल्या निम्म्या लग्नांची गुणमिलनं गुरुजींनी केलेली, स्वतः मात्र बिनलग्नाचे. नव्वदच्या दशकात त्यांनी घरात काचेची टाकी आणली आणि मासे पोसायला लागले. दुकानातली पिशवी ज्या क्षणी उंबरा ओलांडेल, ती माशाची जन्मवेळ. गप्पी निघाले देवगणी, तळाशी चरणारे कॅटफिश मनुष्यगणी. मोठे पुण्यवान मासे! मग आला निळा फायटर, आपल्याच जातीशी भांडणारा मासा. गुरुजींनी पंचांग उघडलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "राक्षसगण."

मी आगाऊपणे म्हटलं, सोडून तर बघा. सोडला. संध्याकाळपर्यंत दोन गप्प्यांच्या शेपट्या कुरतडलेल्या. "शास्त्र म्हणजे शास्त्र, वहिनी," म्हणत गुरुजी लगेच बरणी मागायला हजर. लांब शेपटीचा गप्पी फायटरला दुसरा फायटरच वाटतो, हे मला दुकानदाराने फुकटात सांगितलं होतं. पण पंचांगापुढे दुकानदाराचं काय चालणार?

फायटर बरणीत एकटा राहिला. कांदा-लसूण वर्ज्य असलेले गुरुजी त्याला चिमटीने सुके किडे भरवत, वर "हळू, ठसका लागेल" असंही म्हणत.

मग एका थंडीत फायटरने खाणं टाकलं. बरणीच्या तळाशी नुसता पडून असायचा. गुरुजींनीही जेवण टाकलं. मी पाठवलेली आमटी तशीच परत आली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. तडक गेले आणि सांगितलं, टाकीत पाणी गरम ठेवायची कांडी आहे, कॅटफिश स्वभावाने गरीब आहेत, याला त्यांच्यात सोडा. गप्प्यांना माझी दुसरी बरणी घ्या.

"गण जुळत नाही," गुरुजी पुटपुटले.

"लोकांच्या पोरांचा जुळला नाही तर शांती करून लग्नं लावता ना? मग याच्यासाठी तोडगा नाही?"

गुरुजी बरणीकडे बघत म्हणाले, "माझ्यासाठी कुणी काढला नाही, वहिनी. मीही राक्षसगणीच."

मी घरी जाऊन दुसरी बरणी आणून त्यांच्यापुढे ठेवली. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी गेले तर फायटर टाकीत, कॅटफिशच्या डोक्यावरून रुबाबात फिरतोय. गप्पी माझ्या बरणीत. मी विचारलं, आणि पत्रिका?

"चुकली होती," गुरुजी माझ्याकडे न बघता म्हणाले. "उंबरा ओलांडला ती काय जन्मवेळ झाली? खरी वेळ कुणाची माहीत असते, वहिनी?"