बाईसाहेबांचं सोन्याचं पदक

सबनीसकाकांकडे चहाला गेलं की आधी साबणानं हात धुवावे लागत. चहासाठी नव्हे, राजेमंडळींसाठी! युरोपातल्या राजेराण्यांची जुनी स्मृतिपदकं ते मखमलीवर मांडत आणि शेजाऱ्यांची करून द्यावी तशी ओळख करून देत. "हा जरा तापट, पण मनानं चांगला. आणि ह्याला? ह्याला मुलगी देऊ नये!"

डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावात आमच्या शेजारच्या घरात काकू गेल्यापासून ते एकटेच राहत. जन्मभर गाड्यांचे ब्रेक डिझाइन केले, पण जिभेला एकही बसवला नाही. संग्रहात सगळं तांबं नाहीतर चांदी. सोनं नव्हतं.

२००५ च्या मार्चमध्ये एका शनिवारी सकाळी त्यांनी आमची बेल दाबूनच धरली.

"अरे, बाईसाहेब येताहेत! डेट्रॉइटला, लिलावात! सोन्यात! गाडी तू काढ, मी चेकबुक शोधतो!"

बाईसाहेब म्हणजे ऑस्ट्रियाची जुनी महाराणी. "सोळा बाळंतपणं निभावून राज्य केलं रे बाईनं!" हे काका वाटभर सांगत होते.

बाईसाहेबांचं पदक पुकारलं गेलं. बाकीचे एकेक करून गळाले. उरल्या फक्त निळ्या टोपीतल्या एक गोऱ्या आजी. काकांनी हात वर केला की त्याही करत.

"सोडत नाही यार ही बाई!" काका खुर्चीतून अर्धे उठले. मी त्यांचा कोट धरून ठेवला. अखेर आजींनी नकारार्थी मान हलवली, हातोडा पडला आणि काकांनी मला असं कवटाळलं की माझा चष्मा खाली पडला.

पदक ताब्यात घेताना आजी जवळ आल्या. "मी व्हिएन्नाची," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी असंच एक होतं. महायुद्धात घरच गेलं. एकदा हातात घेऊ?"

काकांनी पदक त्यांच्या तळहातावर ठेवलं. राणीच्या गालावरून अंगठा फिरवत आजी स्वतःशीच जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटल्या. परतताना काका गाडीत पदकाची डबी पुन्हा पुन्हा उघडून बघत होते.

पुढे दर रविवारी दुपारी ते इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडू लागले. एकदा लॉन कापताना मी हटकलंच, "काका, एवढे नटून कुठे?"

"त्या आजींकडे. त्यांचंही इथं कोणी नाही. कॉफी करतात, केक करतात. त्या बोलतात, मी ऐकतो."

मग खिशातली डबी अलगद थोपटून म्हणाले, "बाईसाहेबांना जरा माहेरी नेऊन आणतो."