दोन शिटांची गाडी

राहुरीतले आमचे शेजारी नामदेवतात्या साळवे उसाचा ट्रॅक्टर चालवत, आणि रोज संध्याकाळी मला एकच प्रश्न विचारत. "गुर्जी, आली का?"

येणारी पाहुणी नव्हती, मोटार होती. नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत नव्यानव्या परदेशी गाड्या देशात उतरत होत्या. कुठलीशी कंपनी स्वस्तातली, दोनच माणसांची स्पोर्ट्‌स कार काढणार, अशी बातमी एका इंग्रजी मासिकात आली. मासिक मी रद्दीतून आणलं होतं. तात्यांना ते मराठीत वाचून दाखवायची चूकही माझीच.

बातमीत सगळा मोघम कारभार. 'असे कळते', 'बहुधा', 'पुढील वर्षअखेर'. फोटोसुद्धा ताडपत्रीनं झाकलेल्या गाडीचा! तात्या त्या ताडपत्रीकडे मुलगी बघायला आल्यासारखे बघत. "नाक जरा बसकं हाय, पन गुनाची दिसती."

"तात्या, स्वस्त म्हणजे आपल्याला परवडेल अशी नव्हे."

"आवो, येऊ तर द्या!"

चहाच्या टपरीवर लोक विचारत, "पोरं, सुना कुठं बसवनार?"

"ती येस्टीनं येतील."

एका रविवारी इस्त्रीचा सदरा घालून ते मला केडगावच्या शोरूममध्ये घेऊन गेले. तिथला विक्रेता मासिक बघून हसला. "काका, हे जुनं झालं. कंपनीनं बेतच रद्द केलाय."

तात्यांनी ताडपत्रीच्या फोटोवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "आन् ही झाकलेली? ही कुठं ठिवली आसंल वो?"

विक्रेत्यानं मासिक मिटून तात्यांच्या हातात दिलं.

परतताना एसटीत, खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "तीस वर्सं झाली लग्नाला. ट्रॅक्टरला शीट एकच. कुठं बी जायचं म्हनलं की मी म्होरं, ही मागं ट्रॉलीत. एकदा हिला शेजारी बसवून गाडी चालवायची हुती. दुसरं काय न्हाई."

पुढच्या आठवड्यात मालकाला विचारून त्यांनी ट्रॅक्टर काढला आणि यमुनाकाकूंना मुळा धरण दाखवायला निघाले. मीही ट्रॉलीत होतो. काकू घडी घातलेल्या गोधडीवर, डोक्यावर छत्री धरून बसलेल्या. तात्या वळून वळून काहीतरी ओरडत, काकू "आँ?" म्हणत, आणि इंजिन दोघांचंही ऐकू देत नव्हतं.

शेवटी तात्यांनी भर रस्त्यात इंजिन बंद केलं. खाली उतरले, चालत मागं आले, ट्रॉलीच्या फळीला धरून म्हणाले, "म्हनलं, ते बगळं बघ. पान्याकडंला."

"बघितलं की मघाच," काकू म्हणाल्या.

"बरं."

ते पुढं गेले, ट्रॅक्टर चालू केला. फर्लांगभर गेलो असू नसू, तोच इंजिन पुन्हा बंद झालं. तात्या खाली उतरत होते. काकू छत्री मिटून, त्यांना जवळ उभं राहता यावं म्हणून फळीशी सरकून बसल्या.