सशांचं जमेपर्यंत

सासूबाई आल्या त्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात सशाची टोपली घेऊन. काठी तात्पुरती होती. जिन्यावरून घसरून पाय मुरगळला होता, म्हणून. टोपलीतली पांढरीशुभ्र सशीण मात्र कायमची. नाव मालकीण, आणि वागणंही तसंच.

आईने आता एकटं राहू नये, असं लेकीला मनापासून वाटत होतं. पण जन्मभर मुख्याध्यापिका राहिलेल्या बाईला 'आता आमच्याकडेच राहा' म्हणून सांगणं हे काही खायचं काम नव्हे. सासूबाईंनी दारातच अट घातली.

"तुमच्याकडे आधीच एक ससा आहे. माझ्या मालकिणीचं त्याच्याशी जमलं तर मी राहीन. नाही जमलं तर पाय बरा झाला की मी आपली माझ्या घरी."

"जमेल गं, आई."

"बघू."

जावई बेकरीवाला. केक स्वतःच करायचा आणि स्वतःच्याच गाडीतून पोचवायचा. स्वभावाने लोण्यासारखा, त्यामुळे सशांचं जमवायचं काम साहजिकच त्याच्या गळ्यात पडलं. त्याच्या सशाचं नाव बटाटा. तपकिरी, गोल, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हा भांडणं शक्यच नाही, असं जावयाने छातीठोकपणे सांगितलं.

बटाट्याने मालकिणीला एकदा नीट पाहिलं आणि थेट तिच्या अंगावर झेप घेतली. तिनेही मागचे पाय झाडून सणसणीत लाथ हाणली. खोलीभर एवढे केस उडाले की लेक स्वयंपाकघरातून "उशी फाटली का रे?" असं विचारत आली.

"सुरुवात तुमच्या बटाट्याने केली," सासूबाई म्हणाल्या.

"तो नुसता हुंगत होता हो, आई. नवीन कुणी आलं की हुंगतात ससे."

"याला हुंगणं म्हणतात? तुम्ही हुंगता का असं पाहुण्यांना?"

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "दोघांपैकी कुणाचाच हक्क नाही अशा जागी भेटवा." आता घरभर तर बटाट्याचाच हक्क. उरली बाथरूम. मग रोज दुपारी दार लावून जावई स्टुलावर आणि सासूबाई पालथ्या बादलीवर बसायच्या, आणि मध्ये ससे सोडलेले. ससे एकमेकांकडे पाठ करून बसत. माणसं तरी किती वेळ गप्प बसणार? सासूबाईंनी शाळेतल्या एकेका वात्रट कार्ट्याची हकिगत सांगितली. जावयाने केक भट्टीत मध्येच का बसतो ते समजावलं. एके दिवशी बादलीने जीव सोडला, सासूबाई फरशीवर बसल्या, आणि दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. सशांची प्रगती मात्र शून्य.

"मग गाडीतून फिरवून आणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जरा बिचकले की एकमेकांना चिकटून बसतात."

गाडी म्हणजे केकचीच गाडी. त्या दिवशी एका ऑफिसातल्या निरोपसमारंभाचा तीन मजली केक पोचवायचा होता. जाता जाता दोन्ही कामं होतील, असा हिशेब जावयाने केला. अशा हिशेबांनीच माणसं गोत्यात येतात. पाठीमागे एका कडेला केक, दुसऱ्या कडेला टोपली आणि मध्ये बैठक मारून सासूबाई.

गाडी निघाली आणि चमत्कार झाला. "चिकटले!" सासूबाई आतून ओरडल्या. "जावईबापू, चिकटले हो!"

सिग्नलला गाडी थांबली. लगेच आतून धपाधप आवाज.

"थांबू नका! थांबलात की भांडतात!"

आता करता काय? समारंभाचं ऑफिस आलं, गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. दारात उभा असलेला शिपाई प्रत्येक वेळी हात करायचा, आणि जावईही खिडकीतून हात करून पुढे जायचा. चौकातला हवालदार हे बराच वेळ बघत होता. शेवटी त्याने शिट्टी फुंकली.

जावयाने करकचून ब्रेक मारला. आत काहीतरी कोसळलं. मग धपाधप सुरू झालं.

"मागे काय आहे?" हवालदाराने विचारलं.

"सासूबाई."

"आणि हा आवाज?"

"भांडतायत."

"कुणाशी?"

जावयाने उत्तर द्यायच्या आत सासूबाईंचा आवाज आला, "सोड! सोड म्हणते ना तिला, मेल्या!" हवालदाराने धावत जाऊन दार उघडलं. समोर सासूबाई, चष्म्यावर क्रीम, दोन्ही बगलांत एकेक ससा. केकचा तिसरा मजला त्यांच्या मांडीवर येऊन बसलेला.

"बघत काय उभे आहात?" त्यांनी हवालदाराला मुख्याध्यापिकेच्या आवाजात सुनावलं. "दार लावा आणि गाडी सोडा! आत्ता कुठे जमत होतं त्यांचं!"

हवालदाराने निमूट दार लावलं आणि गाडी सोडली.

जावयाने ऑफिसवाल्यांची हात जोडून माफी मागितली, बेकरीतला दुसरा केक धाडला. यथावकाश सासूबाईंचा पाय बरा झाला, काठी कोपऱ्यात गेली. लेकीने भीतभीतच विषय काढला.

"मग आई, आता... जाणार?"

"जाणार? काम अर्धवट टाकून?" सासूबाई कडाडल्या. "तुझ्या नवऱ्याच्याने एकट्याने काही होणार नाही. सशांचं जमेपर्यंत राहते. जमलं की निघाले."

लेकीने नवऱ्याला बाजूला घेऊन बजावलं, "आता घाई करू नकोस हं!"

पुढे एका दुपारी जावई विसरलेला डबा न्यायला अचानक घरी आला. मागच्या खोलीत डोकावला तर एकाच टोपलीत दोघं. बटाट्याची हनुवटी मालकिणीच्या पाठीवर, आणि ती डोळे मिटून गाढ झोपलेली. शेजारी सासूबाई फरशीवर बसून दोघांवरून आळीपाळीने हात फिरवत होत्या. जावयाला पाहून त्या कॉपी करताना पकडलेल्या मुलीसारख्या गोऱ्यामोऱ्या झाल्या.

"कधीपासून?" त्याने हळूच विचारलं.

"झाले बरेच दिवस," त्या मान खाली घालून म्हणाल्या.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून लेकीने हाक मारली, "काय रे, जमतंय का काही त्यांचं?"

जावयाने खोलीचं दार आतून लोटून घेतलं.

"कसलं जमतंय!" तो मोठ्याने ओरडला. "नुसती मारामारी चाललीय!"

मग तो सासूबाईंच्या शेजारी फरशीवर बसला. त्यांनी गाजराच्या पाल्याची अर्धी जुडी त्याच्या हातात दिली.

"वर्षभर तरी जाईल, नाही?" त्या कुजबुजल्या.

"छे हो, आई," तो म्हणाला. "वर्षभरात कुठलं होतंय?"