पाच किलोची तृप्ती

मोजल्याशिवाय कोणतीही गोष्ट खरी ठरत नाही, आणि मोजणारा कधी चुकत नाही, या दोन खांबांवर आपला कारभार उभा आहे. म्हणूनच आमच्या वाडीच्या अंगणवाडीत यंदा स्वतःच स्वतःला दुरुस्त करणारा वजनकाटा आला. जुना झोळीचा काटा चुकला तर कुणीतरी बोलून दाखवायचं. नवा आपली चूक आपणच सुधारतो. (चूक नसली तरी सुधारतो. कर्तव्यदक्षता म्हणतात ती हीच.)

पद्धत सोपी. काटा चालू केला की त्यावर पाच किलोचं प्रमाणित वजन ठेवायचं. त्याला पाच धरून तो पुढचं सगळं जग मोजतो. हे प्रमाणित वजन हरवू नये म्हणून तालुक्याला कपाटात कुलूपबंद आहे. मग काटा बिचारा जे पहिलं अंगावर येईल, त्यालाच पाच किलो समजतो.

पहिल्या सोमवारी पहिला बसला सुग्रीव. वय अडीच वर्षं, हातात भाकरी. तो पाच किलो ठरला आणि तासाभरात बावीसपैकी एकोणीस मुलं कुपोषित झाली. एक लेकरू तर जन्माच्या वजनाच्याही खाली गेलं.

"उषाबाई, एवढी लाल मुलं? वर काय तोंड दाखवू मी?" सुपरवायझर मॅडम म्हणाल्या.

अंगणवाडीच्या उषाबाई अनुभवी. पुढच्या सोमवारी त्यांनी नजर फिरवून सगळ्यांत हलकं लेकरू हेरलं. ते माझं होतं.

तृप्ती, तीन महिन्यांची. मनगट माझ्या अंगठ्याएवढं, डोळे मात्र सगळ्या घराला पुरतील एवढे. ती काट्यावर निजली. पाच किलो, शून्य ग्रॅम. तिच्यामागून आलेली झाडून सगळी गुटगुटीत निघाली. जुन्या काट्यावर पाच किलो चारशे भरलेला नागसेन सहा किलो सहाशे झाला, त्याच्या आजीनं तिथंच दृष्ट काढली. वाडीतलं कुपोषण पाऊण तासात संपलं. (चहासकट.)

तेव्हापासून पहिला मान तृप्तीचा. पाच सोमवार ती बरोबर पाच किलो.

"बाई, पोरगी वाढून न्हाई राह्यली," मी म्हटलं.

"अगं, घटूनबी न्हाई राह्यली ना? पाच म्हंजे हिरव्या रेघेत. बिलकुल बराबर."

दवाखान्यात भरती व्हायला लाल चिठ्ठी लागते. लाल चिठ्ठी काट्यावरून मिळते. काटा तृप्तीवरून ठरतो. यात कुठेही फट नाही. दूध पाजता पाजता मी पुष्कळ शोधली.

शेवटी तिला घेऊन धावड्याला मिरचीच्या बाजारात गेले. पुंजारामभाऊंच्या लोखंडी तराजूत एकीकडे तृप्ती, दुसरीकडे वजनं. तृप्ती शिंकली. भाऊही शिंकले.

"चार किलो शंभर," ते म्हणाले. "ओल म्हणून मिर्चीत दोनशे ग्रॅम कापतो मी. हिचं काय कापू, वहिनी? जल्दी दवाखाना गाठा."

वजन त्यांनी मिरचीच्या पावतीवर लिहून दिलं. डॉक्टरीणबाईंनी पावती उलटसुलट पाहिली, मग तृप्तीला पाहिलं, आणि खाट दिली.

सोमवारी उषाबाई एसटीनं आल्या, बिस्किटाचा पुडा घेऊन. "काटा चालू करायचाय. घंटाभर दे तिला, मंग आणून घालते. तिच्याबिगर निम्मी वाडी लाल होईल बघ."

मी नाही म्हटलं. पुडा तेवढा ठेवून घेतला. ऐकते की आता दैवशालाच्या लेकीला पहिला मान मिळालाय.

दवाखान्याच्या जुन्या काट्यावर तृप्ती आज चार किलो चारशे. तिचा डोळा लागलाय तेवढ्यात हे लिहून घेतलं.

तिचं वजन वाचताना तुम्हाला तुमच्या लेकराचं आठवलं असेल, आणि जरा हायसं वाटलं असेल. वाटू द्या. काट्यालाही तसंच वाटायचं, तिला पहिली ठेवली की.