पाठीवरचे पंजे

"पप्पा, मला कापडावर लावायचा रंग पाहिजे," गायत्री म्हणाली, "आणि कशाला ते विचारायचं नाही."

योगराज जेवत होता. त्याने विचारलं नाही. पहिलीतल्या मुलीला शाळेतून रोज काहीतरी लागतच असतं. मागच्या आठवड्यात कापूस लागला होता, त्याआधी अंड्यांची टरफलं. शिवाय रंग ही एकच गोष्ट अशी होती की ती मागितल्यावर त्याला छाती पुढे काढता यायची. कडोदऱ्याच्या एका प्रिंटिंग मिलमध्ये तो चौदा वर्षं रंग कालवत होता. रंग जिथे तयार होतो त्या खोलीला मिलमध्ये कलर किचन म्हणतात, आणि त्या किचनमध्ये सध्या कोणत्या पार्टीचा माल चालू आहे, हे रंजना डिंडोलीतल्या घरी बसून नवऱ्याच्या नखांवरून सांगायची.

"आणतो उद्या," तो म्हणाला. "कोणता पाहिजे?"

"मस्त कलर. पक्का. धुतला तरी जायला नको."

खरी भानगड अशी होती. रविवारी फादर्स डे होता आणि शाळेच्या ग्रुपवर रश्मी मिसने 'पप्पांसाठी सोप्या, घरच्या घरी करता येतील अशा भेटवस्तू' म्हणून यादी टाकली होती. पहिली वस्तू, कागदाचा टाय. दुसरी, दगड रंगवून केलेला पेपरवेट. तिसरी, आइस्क्रीमच्या काड्यांची फोटोफ्रेम. चौथी, पांढऱ्या टी-शर्टवर मुलाच्या हाताचे पंजे. त्या वर्गातल्या बहुतेक पप्पांनी स्वतःच्या लग्नातही टाय लावला नव्हता, आणि उडून जाईल असा एकही कागद त्यांच्याकडे नव्हता. गायत्रीने पंजे निवडले. रंजनाने त्यासाठी योगराजचं एक जुनं बनियन काढून ठेवलं. हे सगळं पप्पांपासून गुप्त होतं.

योगराजचंही एक गुपित होतं. मिलचे म्हातारे कलर मास्टर महिनाअखेरीस गावी परत चालले होते. त्यांच्या जागी कोण, हा प्रश्न होता. शेठने त्याला बोलावून सांगितलं होतं, "सोमवारे कलकत्तानी पार्टी आवे छे. सारा कपडां पहेरीने आवजे. ऑफिसमां ऊभो रहेजे. पछी जोईए."

'पछी जोईए' म्हणजे 'मग बघू'. पण योगराजने ते नेमणुकीचं पत्र समजून घरी आणलं. फक्त रंजनाला सांगितलं. रंजनाने फक्त भावाला, आईला आणि समोरच्या कविताताईंना सांगितलं. शनिवारपर्यंत गल्लीतली पोरं त्याला 'मास्टर काका' म्हणायला लागली होती.

चांगले कपडे म्हणजे एकच शर्ट होता. पांढरा. मेहुण्याच्या लग्नात मिळालेला. चौदा वर्षांत योगराजच्या अंगावर एकही कपडा डागाशिवाय राहिला नव्हता, म्हणून हा त्याने वापरलाच नव्हता. कपाटात वरच्या फळीवर तो कधीचा पडून होता.

शुक्रवारी संध्याकाळी कलर किचनमध्ये शेड नंबर सातशे बारा तयार होती. फालशाच्या सरबतासारखा रंग, जांभळा म्हणावा तर गुलाबी आणि गुलाबी म्हणावा तर जांभळा. कलकत्त्याच्या पार्टीसाठी चार महिने खपून योगराजनेच तो जुळवला होता. मास्टरांच्या डोळ्यांना आता दोन निळ्यांतला फरक दिसत नव्हता, त्यामुळे जुळवणं योगराजचं आणि सही मास्टरांची, असं चालायचं. 'मस्त कलर' म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर दुसरा रंग आलाच नाही. पिंपाच्या तळाशी राहिलेला चमचाभर त्याने चुन्याच्या रिकाम्या डबीत घेतला. जुन्या माणसांना गेटवर कोणी तपासत नसे.

शनिवारी रंजना दळण आणायला गेली, तेव्हा गायत्री कामाला लागली. तिने बनियन पसरलं. त्याला पाठीवर तीन भोकं होती. भोकावर पंजा कसा उमटणार? मग ती स्टुलावर चढली, कपाट उघडलं, आणि वरच्या फळीवर तिला हवं तसं कापड मिळालं. कोरं, भोक नसलेलं. पुढे खिसा आणि बटणं होती, म्हणून तिने पाठ निवडली. डबीतला रंग दोन्ही हातांना फासून तिने ते पाठीच्या मधोमध दाबले आणि मनातल्या मनात दहा आकडे मोजले. मेसेजमध्ये तसंच लिहिलं होतं.

एवढ्यावरच थांबलं असतं तर तो रंग साध्या पाण्याने निघाला असता. पण मेसेजमध्ये पुढे लिहिलं होतं, 'मोठ्यांच्या मदतीने इस्त्री करून घ्या.' गायत्री सांगितलेलं ऐकणारी मुलगी होती. रंग वाळल्यावर ती गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीची गाडी लावणाऱ्या रुक्मिणीमावशीकडे शर्ट घेऊन गेली.

"हे काय गं पाठीवर?" मावशीने विचारलं.

"गिफ्ट आहे. पप्पांना सांगू नका."

मावशीने कोळसा फुंकून चांगली गरम इस्त्री फिरवली. छापाच्या रंगाला एकदा अशी आच लागली की मग कापड फाटेल, रंग जाणार नाही. मग तिने दुकानात घालतात तशी घडी घातली, खिसा वर आणि पाठ आत. गायत्रीने घडी जागच्या जागी ठेवली आणि आईला सांगितलं, "झालं गिफ्ट. लपवून ठेवलं." बनियन तिने पलंगाखाली ढकललं. आई बनियन शोधायला गेली नाही.

रविवारी गिफ्ट द्यायचं होतं. पण रविवारी सकाळीच मिलमधून फोन आला, की पार्टीसाठी सॅम्पल कमी पडताहेत, ये. योगराज गेला, आणि परत आला तेव्हा गायत्री वाट बघून झोपली होती. सोमवारी सकाळी ती सातच्या आत शाळेत गेली.

"मना पांढरा शर्ट कोठे शे?" योगराजने दाढी करता करता हाक मारली.

"कपाटमा शे ना," रंजना गॅसजवळून म्हणाली.

"इस्त्री कोनी करी?"

"मी कोठे करी? तुम्हीनच करी व्हई."

योगराजला तो शकुन वाटला. त्याने शर्ट घातला, आरशात पुढून पाहिलं, डब्याची सॅक पाठीला लावली. रंजना हात पुसत दारात आली तेव्हा तिला पुढून मास्टर आणि मागून सॅक, एवढंच दिसलं.

ऑफिसच्या दाराशी त्याने सॅक शिपायाकडे दिली आणि आत जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. केबिनमध्ये एसी होता. शेठसमोर पार्टी बसली होती. पार्टी म्हणजे एकच माणूस, जाड चष्म्याचा, मिनिटाला एकदा घड्याळ बघणारा. पलीकडे श्रीरंग वही घेऊन उभा होता. श्रीरंग तीन वर्षांपूर्वी मिलमध्ये आला तेव्हा त्याला मेजरमेंटचा ग्लास उलटा धरायची सवय होती. योगराजने ती सोडवली होती.

"सेठ, कलर अच्छा है, मैं ना नहीं बोलता," पार्टी म्हणाली. "पर मेरे को ये बताओ, मेरा माल मार्केट में आने से पहले दूसरे के पास नहीं जाएगा ना?"

शेठने खुर्चीत अंग मागे टाकलं. "सवाल ही नहीं. सातसो बारा आज तक इस गेट के बाहर किसी ने देखा नहीं. शेड कार्ड भी ताले में है. योगराज, कबाट खोल, साहेब को कार्ड दिखा."

योगराज अदबीने पुढे झाला, चावी घेतली आणि कपाटाकडे वळला.

मागे एकदम शांतता पसरली. त्याला वाटलं, कपाट उघडताना साहेब लोक गप्प बसत असतील. त्याने रंगाचा नमुना चिकटवलेलं ते कार्ड शोधलं. तेवढ्यात पार्टीचा आवाज आला, "सेठ, ये तो घूम रहा है."

"शुं घूम रहा है?"

"सातसो बारा. इसकी पीठ पे."

योगराज कार्ड हातात घेऊन वळला. तिघेही त्याच्याकडे बघत होते. मग शेठने बोटाने हवेत गोल काढला, म्हणजे परत फिर. तो परत फिरला. पार्टी उठून जवळ आली, कार्ड त्याच्या हातातून घेतलं आणि त्याच्या पाठीला लावून पाहिलं.

"मॅच है," पार्टी म्हणाली. "एकदम मॅच."

"शर्ट काढ," शेठ म्हणाला.

आत बनियन होतं. त्यालाही भोकं होती. एसीच्या गार वाऱ्यात योगराज तसा उभा राहिला आणि टेबलावर उलटा पसरलेला शर्ट त्याने पहिल्यांदा पाहिला. दोन छोटे पंजे. डाव्या पंजाची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी. गायत्री दोन वर्षांची असताना ती करंगळी दारात चेंगरली होती, आणि पोरीला कडेवर घेऊन तो लिंबायतच्या दवाखान्यापर्यंत पळत गेला होता.

"कोना हाथ छे?" शेठने विचारलं.

खोटं बोलायला वेळ होता. होळीचा रंग म्हणता आलं असतं, बाजारातून आणला म्हणता आलं असतं. पण ज्याने चार महिने रंग जुळवला त्याला तो बाजारातला आहे असं म्हणवेना.

"माझ्या पोरीचे," तो म्हणाला. "तिला शाळेसाठी लागत होता. चमचाभर नेला, शेठ. पिंपात राहिलेला."

श्रीरंगने वहीत बघितलं. पार्टीने खिशातून रुमाल काढला, पेल्यातल्या पाण्यात भिजवला आणि एका पंजावर घासला. मग जोरात घासला. मग चष्मा वर करून रुमाल पाहिला. रुमाल पांढराच होता.

"पक्का है," पार्टी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं. "सेठ, मेरे को लगता था आपका कलर पानी में भागेगा. ये नहीं भागता. माल डबल करो. और ये शर्ट मैं ले जाऊंगा, उधर मालिक को दिखाऊंगा. बुधवार की ट्रेन है मेरी."

शेठने पार्टीला दारापर्यंत सोडलं, परत येऊन शर्टाची घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. योगराजला वाटलं, आता पाठीवर थाप पडते की काय.

"हे बघ, चोरी मी नाही म्हणत," शेठ मराठीत आला. कटू बोलायचं असलं की तो मराठीत यायचा. "धंदा पण झाला, भगवानची कृपा. पण कलर गेटच्या बाहेर गेला. किचन आता श्रीरंग बघेल. मास्टर पण तोच."

"आणि मी, शेठ?"

"तू गेटवर बस. बॅगा तपास. तने तो खबर छे ने, कलर बाहेर कसा जातो."

भोकाभोकांच्या बनियनवर गेटवर बसता येत नाही, म्हणून शिपायाने स्टोअरमधून एक खाकी शर्ट आणून दिला. तो दोन नंबर मोठा होता.

संध्याकाळी दार उघडून खाकी शर्ट पाहिल्याबरोबर रंजना म्हणाली, "हाई काय घाली उनात?" आणि मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कविताताई दारात पेढ्यांचा विषय काढायला उभ्या होत्या, त्यांना तिने दूध उतू जातंय असं सांगून वाटेला लावलं.

गायत्री पळत आली. "पप्पा! तुम्ही गिफ्ट घालून गेले? मी द्यायच्या आधीच?"

"हो," योगराज म्हणाला.

"आवडलं?"

"आवडलं."

"मग कुठे आहे?"

योगराजने खाकी बाह्या वर दुमडल्या. "शेठलाही आवडलं. ठेवून घेतलं त्यांनी. कलकत्त्याला पाठवणार आहेत."

गायत्रीने लगेच जिन्यात जाऊन ही बातमी तीन मजल्यांना ऐकू जाईल अशी सांगितली. तिचा शर्ट कलकत्त्याला चालला होता. कोणाचा कागदी टाय कडोदऱ्यापर्यंतसुद्धा गेला नव्हता.

पण मिसचा नवा मेसेज आला होता. पप्पांचा गिफ्टसोबत फोटो, बुधवारपर्यंत, सर्वांनी. फोटोशिवाय स्टार मिळणार नाही. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत योगराज गेटवरची खुर्ची सोडून केबिनच्या दाराशी गेला. शेठ फोनवर होता. त्याने ऐकून घेतलं, ड्रॉवर उघडला आणि म्हणाला, "इथेच घाल, इथेच काढ. पाच मिनट."

फोटो काढायला श्रीरंगशिवाय कोणी नव्हतं.

"योगराजभाऊ, पंजे दिसायचे म्हणजे तिकडे तोंड करा," श्रीरंग म्हणाला. तो जरा ओशाळला होता, पण मोबाइल त्याने सरळ धरला होता. "जरा ताठ. हां. हलू नका."

योगराज भिंतीकडे तोंड करून ताठ उभा राहिला. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यातली तारीख त्याला नीट वाचता येईना. फोटो झाला. त्याने शर्ट काढला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि खाकी चढवून गेटवर गेला.

रंजनाने फोटो शाळेला पाठवला. बुधवारी दुपारी मिसचं उत्तर आलं. 'फोटोत पप्पांचा चेहरा दिसत नाही. कृपया पुन्हा पाठवा.'

शर्ट तोवर स्टेशनवर पोचला होता.

"त्यात काय," गायत्री म्हणाली. "फक्त चेहऱ्याचा काढू. पंजे पहिल्या फोटोत आहेतच." तिने नुकत्याच गेटवरून आलेल्या योगराजला खिडकीपाशी बसवलं, आईचा मोबाइल दोन्ही हातांत धरला आणि एक डोळा मिटला. "खाकी नको दिसायला. मान वर. पप्पा, हसा."

योगराज हसला.

"असं नाही. दात दाखवा."

त्याने दात दाखवले. गायत्रीने तीन फोटो काढले, त्यातला एक निवडला आणि स्वतःच्या बोटाने पाठवला. उत्तर पाच मिनिटांत आलं. एक स्टार होता, आणि खाली मिसने लिहिलं होतं, 'व्हेरी गुड गायत्री! पप्पा किती खूश दिसताहेत!'

गायत्रीने ते दोनदा मोठ्याने वाचलं. रंजना पोळ्या लाटत राहिली. योगराजने मोबाइल हातात घेतला, त्या फोटोकडे बराच वेळ पाहिलं, आणि कुणा ओळखीच्या माणसाची चौकशी करावी तसं मुलीला विचारलं, "खरंच खूश दिसतो का गं?"